वकिली सोडून मास्तरकी

एकोणीस वर्षे फौजदारी वकिली करून मी मास्तरकी पत्करली, तेव्हा बार रूममध्ये दोनच तर्क चालले : एक तर माझी वकिली बसली असावी, नाही तर प्रकृती. दोन्ही ठणठणीत होत्या. पण पूर्ण वेळ पगारी नोकरी धरायची तर सनद स्थगित ठेवावी लागते. (दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवून वकिली चालू ठेवण्याची सोय १९७९ च्या नियमांत आहे, पण दोन दगडांवर पाय ठेवायचे माझे वय नव्हते.) घरातून एवढाच शेरा मिळाला, "आता निदान अपरात्री जामिनासाठी कोणी दार ठोठावणार नाही."

विद्यापीठात माझ्या वाट्याला पुराव्याचा कायदा आला. तोही जुना नव्हे! १ जुलै २०२४ पासून सारेच कायदे नवे झाले. ज्या ३०२ कलमावर मी मुलेबाळे पोसली, ते आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्‌गारांचे कलम झाले, नि खून १०३ वर जाऊन बसला. चारशेवीसही ३१८ मध्ये गेले. पण गल्लीतल्या लबाडाला 'तीनशे अठरा' म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम २७ मात्र, २३ व्या कलमाचे परंतुक होऊन, तसेच जिवंत आहे.

हे प्रकरण मोठे गमतीचे. आरोपीने पोलिसांजवळ दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. परंतु त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू हाती लागली, तर सांगण्यातला तेवढाच तुकडा चालतो. "सुरा माझ्या घराच्या छपरात लपवला आहे," हे चालते. "त्याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकले," हे चालत नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोट्टया खटल्यातला हा दाखला वकिलांना तोंडपाठ असतो. आणि हे सारे ज्यांच्या समक्ष घडते ते पंच! बचावाच्या वकिलाचे निम्मे पोट त्यांच्यावर. पंच बहुधा पोलीस चौकीच्या आसपासचाच. टपरीवाला नाही तर हातगाडीवाला. "यापूर्वी किती वेळा पंच झालात?" "सही करताना कागद वाचला होता का?" दोन प्रश्नांत माणूस घामाघूम. वर्गात ही उलटतपासणी मी साभिनय करून दाखवली. मुले खदखदून हसली.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "सर, माझे वडील पंच आहेत. चौकीसमोर चहाची टपरी आहे आमची. बोलावले की जायचे, दाखवतील तिथे सही करायची. नाही म्हटले तर दुसऱ्या दिवशी टपरी उचलतील. त्यांनी काय करायचे?"

न्यायालयात असा प्रश्न निघता तर मी तत्क्षणी उठून हरकत घेतली असती, आणि ती मान्यही झाली असती. वकिलाने एकच माणूस सांभाळायचा, आरोपीच्या पिंजऱ्यातला. पंचाची अब्रू राखणे हे त्याचे काम नव्हे; समोर जन्मठेप दिसत असताना हळुवारपणा परवडत नाही, असे मी आजही म्हणेन. पण वर्गात हरकत घेण्याची सोय नसते. मी तिला नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ सांगितले. झडती-जप्तीचे चित्रण आता करावेच लागते, वगैरे. तिने मुकाट्याने ऐकून घेतले. "पण सर, मोबाईल त्यांच्याच हातात असणार ना?" एवढे बोलून ती बस गाठायला गेली.

दिवाळीच्या सुट्टीआधी अभिरूप न्यायालय भरले. खटला खुनाचा, काल्पनिक, न्यायाधीश मी. बचावाची बाजू तिने मागून घेतली. टपरीवाल्या पंचाचे सोंग घेतलेला पोरगा माझ्या ठरावीक प्रश्नांची उत्तरे घोकून उभा होता. तिने ते विचारलेच नाहीत.

"काका," ती आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही आरोपीच्या घरी सुरा जप्त करायला गेलात, तेव्हा टपरीवर कोण होते?"

"कोण असणार? मीच!" तो बोलून गेला.

साक्षीदाराला 'काका' म्हणू नये, हे मी सांगायला हवे होते. सांगितले नाही. उत्तर तेवढे टिपून घेतले.