व्हॉल्यूम चारवर आणून बघा

नवा प्रोसेसर बघायला दुकानात गेलेला गिटारवाला आधी काय करत असेल, तर सगळ्यात गुरगुरणारा प्रीसेट लावतो आणि खालच्या तारेवर तळहात टेकवून धडाधड वाजवत सुटतो. त्यातून त्याला कळत काहीच नाही. भरपूर गेनचा, दाबून वाजवलेला रिफ 1998 सालच्या लाइन सिक्सच्या लाल पॉडवरही दणकून वाजायचा. टेबलावर मावेल एवढ्या त्या यंत्रात फेंडर, मार्शल, व्हॉक्स या ॲम्पच्या नकला कोंबलेल्या होत्या, आणि ज्यांनी आयुष्यात खरा मार्शल जवळून बघितला नव्हता अशा आमच्यासारख्यांना तो चमत्कारच वाटला होता. रिफ ऐकून यंत्राची पिढी ओळखता येत नाही. ती ओळखायची असेल तर गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणावा आणि एक साधा कॉर्ड हलक्या हाताने छेडावा.

फुटायच्या बेताला आणलेल्या ट्यूब ॲम्पवर, समजा व्हॉक्स एसी 30 वर, असं केलं की आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा स्वभाव बदलतो. खरखर ओसरते, तारा एकमेकींपासून सुट्या ऐकू येतात आणि पिक जरा जोरात मारलं की कडेला पुन्हा चुरचुर उमटते. जुन्या प्रोसेसरवर हे करून पाहा. एक तर तेवढीच खरखर दबक्या आवाजात येते, नाहीतर सगळंच निर्जीव होतं. मधला प्रदेशच नसतो, आणि वाजवणाऱ्याचा निम्मा संसार त्या मधल्या प्रदेशात असतो.

कारण समजायला अवघड नाही. ट्यूब ॲम्पमध्ये जोरात वाजवलं की पॉवर सप्लायचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो. ट्यूबचा बायस सरकतो. म्हणजे आत्ताचा सूर कसा वाजेल हे अर्ध्या क्षणापूर्वी काय वाजवलं होतं यावर ठरतं. हे सगळं दर सेकंदाला हजारो वेळा गणिताने सोडवायचं तर चिप तगडी लागते. सुरुवातीच्या यंत्रांकडे तेवढा दम नव्हता, म्हणून त्यांनी ॲम्पला एका ठरलेल्या वक्रावर बसवलं आणि त्याच्या आगेमागे फिल्टर लावले. जोरात वाजवताना हे खपून जातं. हळू वाजवताना खपत नाही.

दुसरी खूण याहून गमतीची. आवाज फाटला की त्यातून मूळ सुराचे वरवरचे स्वरांश तयार होतात. यंत्र सेकंदाला 48,000 नमुने घेत असेल, तर 24,000 हर्ट्झच्या वरचं त्याला धरता येत नाही. वरचे स्वरांश मग हरवत नाहीत, उलटे फिरून खाली येतात आणि मूळ सुराशी काही नातं नसलेल्या जागी जाऊन बसतात. भरपूर गेनवर, पातळ तारेवर बाराव्या पडद्याच्या वर एक लांबलचक बेंड घ्यावा आणि कान द्यावा: सूर वर चढतो, आणि त्याच्या पोटात दुसरा एक बारीक सूर खाली उतरत जातो. एकदा तो ऐकू आला की कायमचा ऐकू येतो. मी शिष्यांना तो मुद्दाम ऐकवत नाही. त्यांच्या जुन्या प्रोसेसरचं सुख कशाला घालवा? यावरचा उपाय म्हणजे आतल्या आत नमुन्यांचा वेग कित्येक पट वाढवून गणित करायचं आणि मग गाळून खाली आणायचं. पुन्हा तेच, चिपला दम हवा.

तो दम घेऊन 2006 साली फ्रॅक्टल कंपनीचा पहिला ॲक्स-एफएक्स आला, 2011 साली दुसरा. त्याच 2011 साली जर्मनीच्या क्रिस्टोफ केम्पर यांनी वेगळीच वाट दाखवली. त्यांचं यंत्र खऱ्या ॲम्पमध्ये चित्रविचित्र आवाज सोडतं, परत काय येतं ते ऐकतं आणि त्या ॲम्पची त्या बटणांवरची प्रतिमा बांधून घेतं. माझ्या मते कानाची लढाई या दोन यंत्रांपाशीच बरीचशी संपली. त्यानंतर आवाज सुधारला नाही असं मी म्हणणार नाही. फ्रॅक्टलचा 2018 चा तिसरा अवतार दुसऱ्याशेजारी ठेवला तर माझ्या बोटांना फरक जाणवतो, विशेषतः सूर विझत जाताना. पण तो वाजवणाऱ्याला जाणवतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात समोरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून, ढोलकी आणि दोन कीबोर्डांच्या गर्दीतून तो पाचव्या रांगेपर्यंत पोचतो, असं मला कुणी सांगू नये.

ऑर्केस्ट्रावाल्याची गरज निराळीच असते. एका संध्याकाळी ‘दम मारो दम’ची भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली ती सुरुवात हवी, लगेच भावगीताला मऊ, जवळजवळ नायलॉनच्या तारांचा आवाज हवा, मग नव्वदच्या दशकातलं कोरस लावलेलं चकचकीत आर्पेजिओ, आणि शेवटच्या उडत्या गाण्यात मधेच रॉकचा सोलो. जुन्या प्रोसेसरवर प्रीसेट बदलताना आवाज क्षणभर तुटायचा. अंतऱ्यातून सोलोत शिरताना नेमकी तिथेच चिमूटभर शांतता. ती लपवायला मी पहिला सूर मुद्दाम उशिरा उचलायला शिकलो होतो, आणि ती सवय यंत्र बदलल्यावरही बरीच वर्षं हातात राहिली.

2015 साली लाइन सिक्सचा हेलिक्स आला. पण ही तूट खरी मिटवली ती पुढच्या वर्षी फर्मवेअरमधून आलेल्या ‘स्नॅपशॉट’ने: एकाच प्रीसेटच्या आत कोणता इफेक्ट चालू, कोणता बंद, गेन किती, हे सगळं एका पायाने बदलायचं आणि आवाज तुटायचा नाही. 2022 मध्ये त्याच यंत्रात कॅबिनेटचा भाग नव्याने लिहून आला, तोही फुकट. त्या अपडेटनंतर माझ्या हेलिक्समध्ये जेवढा फरक पडला तेवढा नवं यंत्र विकत घेऊनही पडला नसता. गिटारच्या आवाजाचा फार मोठा वाटा स्पीकर आणि त्याच्यासमोरचा माइक ठरवतात, आणि आपण मात्र ॲम्पच्या नावांवर वाद घालत बसतो. पॉड एचडी 500 चं कॅबिनेट बंद करून त्यापुढे बरा आयआर लोडर, म्हणजे स्पीकर-माइकची नोंदलेली प्रतिमा चालवणारं यंत्र, जोडला, तर 2010 चं ते यंत्र आजही रेकॉर्डिंगमध्ये मान खाली घालत नाही.

प्रोसेसरमुळे आवाजाला होणाऱ्या विलंबाबद्दल उगाच भीती घातली जाते. आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. ॲम्पपासून दोन पावलं लांब उभं राहिलो तरी तेवढा उशीर होतोच. एकट्या प्रोसेसरचा विलंब त्याच्याहून जास्त क्वचितच असतो. मात्र वायरलेस, प्रोसेसर, डिजिटल मिक्सर आणि कानातले मॉनिटर अशी साखळी जोडली की बेरीज बोटांना कळू लागते. तो दोष नवीन यंत्र घेऊन जात नाही.

मग नवं घ्यायचं कशासाठी? माझं उत्तर थोडं हमालीचं आहे. फ्लोअरचा हेलिक्स साडेसहा किलोंच्या वर भरतो, 2021 चा क्वाड कॉर्टेक्स दोन किलोंच्या आत बसतो. पुण्याहून एसटीने कोल्हापूरला कार्यक्रमाला जाणाऱ्या माणसाला हा फरक चार नव्या ॲम्प मॉडेलांपेक्षा मोठा आहे. क्वाड कॉर्टेक्सची पायाने दाबायची बटणंच हाताने फिरवता येतात आणि पडद्यावर बोटाने ओढून साखळी मांडता येते. साउंडचेकला दहा मिनिटं मिळतात तेव्हा याची किंमत कळते. शिवाय स्वतःचा आवडता ॲम्प, एखाद्या स्टुडिओत तासभर मिळाला तर, त्यात उतरवून घेता येतो. भारतात चांगले ट्यूब ॲम्प मुळात दुर्मीळ, त्यामुळे ही सोय आपल्याकडे जास्त मोलाची. आता तर स्टीव्हन ॲटकिन्सन यांच्या न्यूरल ॲम्प मॉडेलरमुळे तेच काम साधा लॅपटॉपही फुकटात करतो. घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याने लाखाच्या पुढचं यंत्र घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

2025 मध्ये केम्परने मार्क टू आणि लाइन सिक्सने हेलिक्स स्टेडियम जाहीर केल्यापासून जुनं विकून टाकू का, असं विचारणारे फोन येतात. मी उलट विचारतो, सध्याच्या यंत्रामुळे गेल्या वर्षी कुठलं गाणं वाजवता आलं नाही? बहुतेकांना एकही आठवत नाही. ज्यांना आठवतं, ज्यांच्या यंत्राची डीएसपी, म्हणजे चिपची ताकद, दुसरा रिव्हर्ब लावताच संपते किंवा ज्यांना एकाच कार्यक्रमात गिटार आणि गायकाचा माइक दोन्ही त्याच यंत्रातून न्यायचे असतात, त्यांनी खुशाल घ्यावं. आणि जुनं विकू नये. सेकंडहँड बाजारात जुन्या प्रोसेसरला गेल्या वर्षीच्या पंचांगाएवढा भाव येतो, पण कार्यक्रमाच्या मध्यात नव्या यंत्राचा पडदा गोठला तर तेच जुनं, आठ प्रीसेट क्रमाने भरून, डीआय बॉक्सशेजारी तयार हवं. वायर काढून त्यात घालायला कडव्यामधला संगीताचा तुकडा पुरतो.