रक्तातून आलेले

आपल्याकडे वारी घराण्यातून येते. आजोबांची माळ नातवाच्या गळ्यात पडते, विणेकऱ्याच्या घरात पुढचा विणेकरी घडतो. त्याचे आपल्याला केवढे कौतुक! पण रक्तातून दुसरेही काही येते आणि त्याबद्दल आपण बोलायला कचरतो.

आमच्या दिंडीतल्या विणेकरीबाबांचा थोरला नातू 19 वर्षांचा होता. कबड्डीची चढाई करून परतताना कोसळला, तो उठलाच नाही. शवविच्छेदनात हृदयाची भिंत फार जाड निघाली. दहाव्याला नदीवर बसलो असताना कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले प्रारब्ध. बाबा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "माउली, माझा धाकटा भाऊ विहिरीत पोहताना गेला. पट्टीचा पोहणारा. तेव्हा फिट आली म्हणाले सगळे."

या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. साधारण 500 माणसांत एकाला तो असतो. आईबापांपैकी एकात जनुकाचा दोष असला, तर प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. माणूस धडधाकट दिसतो. एखाद्याला धावताना चक्कर येते, छातीत धडधडते, दम लागतो. एखाद्याला काहीच होत नाही आणि एक दिवस ठोक्यांची लय अचानक बिघडते. (अशा वेळी नाकाशी कांदा धरण्यात मोलाची मिनिटे जातात. माणूस बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल, तर 108 ला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध जोराने, भरभर दाबत राहावे.)

गेलेल्या लेकरासाठी प्रारब्ध म्हणावे. त्याशिवाय आईबापांनी रात्र काढायची कशी? पण त्या घरात अजून दोन लेकरे होती. त्यांचा ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करायला हवा होता. मी तसे सुचवले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "काका, काही निघालं तर पोरीचं लग्न कसं जमायचं?" हा प्रश्न खोटा नाही. आपल्याच गावाने तो त्यांच्यापुढे ठेवला आहे.

शेवटी बाबा स्वतः उठले. "आधी माझा काढा," म्हणाले. त्यांच्यामागे मुलगा गेला, मग नातू. बाबांची आणि मुलाची, दोघांचीही भिंत जाड निघाली. बाबांना सत्तरीपर्यंत कसलाच त्रास नव्हता. नातवाची थोडी जाड आहे. त्याला गोळ्या सुरू झाल्या, जोराच्या खेळाला मनाई झाली. धोका वाढला तर छातीत बसवायचे एक यंत्र असते, ते बिघडलेली लय झटका देऊन ताळ्यावर आणते. त्याची गरज आज तरी नाही, असे डॉक्टर म्हणाले.

यंदा वेळापूरच्या धाव्याला सगळे उतारावरून पळत सुटले, तेव्हा हा पोरगा टाळ वाजवत बाबांसोबत चालत खाली आला. त्याच्या बहिणीची तपासणी दिवाळीनंतर ठरली आहे. ती नीट निघाली तरी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करावी लागेल, कारण वाढत्या वयात भिंत नंतरही जाड होऊ शकते. सूनबाई तिच्यासोबत जाणार आहेत.