एकशे विसावं कोडं

आलेखाच्या वहीतलं ते पान आता कडेनं पिवळं पडलंय. 19 उभ्या रेघा, 19 आडव्या. भरीव गोल म्हणजे काळा खडा, पोकळ गोल म्हणजे पांढरा. 1996 साली कामानिमित्त ओसाकात होतो, तेव्हा विभागातल्या एका वयस्क सहकाऱ्यांच्या पुस्तकातून उतरवून घेतलेलं.

गो हा पटावरचा खेळ त्यांनीच शिकवला. जेवणाच्या सुट्टीत पटाच्या कोपऱ्यात कोडं मांडायचे. माझा हात खड्याकडे गेला की मनगटावर टिचकी! खडा नंतर, आधी 'योमी', म्हणजे वाचन. मी मनात वाचायचो: मी इथे, तो तिथे, मी इथे, मेला. ते शांतपणे विचारायचे, "आणि तो तिथे नाही खेळला तर?" माझ्या वाचनातला पांढरा भलताच सज्जन होता, मला हवं तिथेच खेळायचा.

वहीतलं कोडं मात्र कोपऱ्यातलं नाही, अख्ख्या पटाचं. गो खेळणाऱ्या इनोउए घराण्याचे प्रमुख दोसेत्सु इन्सेकी यांनी 1713 साली 'इगो हात्सुयोरोन' हा कोड्यांचा संग्रह रचला. तो घराण्यातच गुप्त ठेवला जाई. त्यातलं हे 120वं. काळ्या-पांढऱ्यांचे मोठाले गट एकमेकांत अडकलेले, आणि कुणाचे श्वास आधी संपतात यावर सगळं. गटाला लागून असलेली रिकामी जागा म्हणजे त्याचा श्वास. मध्येच अशी कोंडी, की जो आधी हात घालील तो बुडेल. मग दोघंही ती सोडून भलतीकडे खेळत राहतात. शेकडो चाली खोल जाणारे फाटे. फुजिसावा हिदेयुकींसारख्या दिग्गजानं शिष्यांना घेऊन यावर हजारेक तास घालवले म्हणतात. 1982 साली त्यांचं उत्तर छापून आलं, तरी विषय मिटला नाही. पुढे जर्मनीतल्या हौशी मंडळींनी त्यात त्यांना न दिसलेली चाल शोधली. व्यावसायिकांच्या नजरेला ती बेढब वाटावी अशी! मला याचा का कोण जाणे फार आनंद झाला होता.

मीही वीसेक वर्षं रविवारच्या दुपारी ते पान काढून बसायचो. समासात बारीक पेन्सिलीनं फाटे, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. जिंकायला हवा काळा, पण माझ्या हिशेबात तो नेहमी एका श्वासानं हरायचा. दोसेत्सु चुकले, असं म्हणण्याइतका मी मूर्ख नव्हतो. पण एकदा मनात येऊन गेलं खरं.

मग एके दिवशी पुण्यात, चष्म्याचा नंबर वाढल्यावर, छापील आकृतीशी पान ताडून पाहिलं. डावीकडचा एक पांढरा खडा मी एक घर खाली काढला होता. म्हणजे वीस वर्षं मी दोसेत्सुंचं कोडं सोडवतच नव्हतो. ते माझंच होतं, ओसाकातल्या एका घाईच्या दुपारी रचलेलं.

खऱ्या कोड्यासाठी पुढे 'काटागो' या संगणक-प्रणालीला खास तयार केलं गेलं. तिनंही नवे फाटे काढले. माझ्या चुकीच्या पानावर तिला बसवलं, तर काळा खरंच एका श्वासानं हरतो की नाही ते घटकाभरात कळेल. लॅपटॉपवर ती घालून ठेवलीय. पेन्सिलीलाही टोक काढून ठेवलंय.