रॉकेलच्या दिव्याखालची शपथ

बॉस्टनहून मोटारीने अडीच-तीन तासांवर, व्हरमाँटच्या डोंगरांत प्लिमथ नॉच नावाची वाडी आहे. मोजकी लाकडी घरं, एक चर्च, एक दुकान, चीजचा छोटा कारखाना, की संपलं गाव. दुकानाला लागून असलेल्या खोल्यांत ४ जुलै १८७२ रोजी कॅल्विन कूलिज जन्मले. अमेरिकेचे ते तिसावे अध्यक्ष. त्यांना त्या खुर्चीवर बसवायचा बेत मात्र कुणाचाच नव्हता.

उपाध्यक्षपदाची उमेदवारीही पक्षश्रेष्ठींच्या मनाविरुद्धच मिळालेली. १९२० च्या शिकागो अधिवेशनात नेत्यांनी दुसरंच नाव पुढे केलं होतं. पण आदल्या वर्षी बॉस्टनच्या पोलिसांचा संप मॅसॅच्युसेट्सच्या या गव्हर्नरने कणखरपणे हाताळला होता आणि ते प्रतिनिधींच्या लक्षात होतं. त्यांनी कूलिज यांच्याच नावाचा गजर केला.

प्लिमथ नॉचच्या त्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे कूलिज यांच्या वडिलांचं घर आहे. बैठकीची खोली इतकी लहान की चार माणसं आत आली तर पाचव्याने दारातच थांबावं. टेबलावर काचेच्या चिमणीचा रॉकेलचा दिवा, शेजारी आईचं बायबल. २ ऑगस्ट १९२३ रोजी अध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत अचानक वारले. उपाध्यक्ष कूलिज तेव्हा सुट्टीसाठी इथेच होते. घरात ना वीज, ना फोन. निरोप्या मध्यरात्री मोटारीने आला. वडील जिना चढत मुलाला हाका मारू लागले, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता, असं कूलिज यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे.

वडील नोटरी होते. आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून प्रतिज्ञापत्रांवर शिक्के मारतात ना, त्याच अधिकारात त्यांनी पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी पोटच्या पोराला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. शपथ घेऊन अध्यक्षमहाशय पुन्हा झोपायला गेले! राज्याच्या नोटरीने दिलेली शपथ चालते का, अशी शंका वॉशिंग्टनात निघाली आणि तिथल्या एका हॉटेलात गुपचूप दुसरी शपथ उरकावी लागली. माझ्या मते खरी शपथ पहिलीच.

दुकानाच्या माडीवर नाचगाण्याचा हॉल आहे. १९२४ च्या उन्हाळ्यात अध्यक्षांचं कार्यालय तिथे थाटलं होतं. त्याआधी जुलैत त्यांचा सोळा वर्षांचा धाकटा मुलगा गेला होता. व्हाइट हाउसच्या कोर्टवर मोज्यांशिवाय टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, रक्तात विष भिनलं. पेनिसिलिन यायला अजून अवकाश होता. देशाचा सर्वसत्ताधीश बाप काही करू शकला नाही.

कूलिज मितभाषी, काटकसरी, हातचे स्वच्छ. हार्डिंग यांच्या काळातल्या तेल घोटाळ्यानंतर सरकारची अब्रू सावरली ती याच गुणांनी. कर कमी केले, कर्जही उतरवलं. पण शेतकऱ्याचा हा मुलगा शेतमालाचे भाव सावरणाऱ्या विधेयकावर दोनदा नकाराधिकार वापरतो आणि १९२७ च्या मिसिसिपी महापुरात लाखो लोक बेघर झाले तरी तिकडे फिरकत नाही, हे पचत नाही. १९२४ मध्ये त्यांनी मूलनिवासी अमेरिकनांना नागरिकत्व देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच्या आठवडाभर आधी, नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या आशियाई लोकांना दार बंद करणाऱ्या कायद्यावरही त्यांचीच सही झाली होती. बाजार तेजीत असतानाच ते पायउतार झाले, तो महिना मार्च १९२९. ऑक्टोबरात बाजार कोसळला. सरकारने फार काही करू नये, या त्यांच्या श्रद्धेची किंमत इतरांनीच मोजली, असं मला वाटतं.

गावाच्या दफनभूमीत, टेकडीच्या उतारावर कूलिज कुटुंबाच्या साध्या दगडांची रांग आहे. अध्यक्षांच्या दगडावर नाव, तारखा आणि वर राष्ट्राध्यक्षांची मुद्रा, बस्स. जवळच तो मुलगा.

बॉस्टन-न्यू जर्सीकडची आपली मंडळी पानांचे रंग बघायला व्हरमाँटला जातातच. त्यांनी वाट वाकडी करून इथे जरूर यावं. मात्र ऑक्टोबरच्या मध्यानंतर घरं बंद होतात, तेव्हा आधी चौकशी करून निघा. आणि चीज घ्या. तो कारखाना १८९० मध्ये काढणाऱ्या शेतकऱ्यांत ते नोटरीसाहेबही होते.