काजूगरांची पैज

उन्हाळ्याची सुटी लागली, की आम्हा भावंडांची पावले सत्तरीतील आजोळाकडे वळतात. त्या दिवसांत तेथील डोंगरउतारांवर तांबडी-पिवळी बोंडे लोंबत असतात आणि वाऱ्याबरोबर त्यांचा आंबूस-गोड दरवळ घरापर्यंत येतो. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते येथे आणले आणि त्याचे नावही त्याच्यासोबतच आले. आज मात्र या पाहुण्यावाचून गोव्याच्या डोंगराची कल्पनाही करवत नाही.

बिया भाजण्याचे काम मामाचे. पत्र्यावर बिया तापल्या, की टरफलातील तेल चरचरत बाहेर येते व भपकन पेट घेते. ते अंगावर उडाले तर बिब्ब्याप्रमाणे कातडी उतते. म्हणून आजी आम्हांस दूर बसवी. बी फुटून ऊन ऊन गर हाती पडेपर्यंत आमचा धीर सुटलेला असे.

गतवर्षी आम्हांस दुर्बुद्धी सुचली. अधिक काजूगर कोण खातो, याची आम्ही पैज लावली. आम्ही चौघे सिद्धच होतो. मावशीचा सात वर्षांचा बाळू मात्र मागे सरला. "काजू खाल्ले की माझ्या जिभेला खाज सुटते," तो म्हणाला. आम्ही खदखदून हसलो. कोणी त्याला 'नाटकी' म्हटले, कोणी 'भित्रा'. शेवटी डोळ्यांत पाणी आणून त्याने चार गर तोंडात टाकले.

दहा मिनिटेही गेली नसतील, तोच त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, त्याला वांती झाली आणि श्वासाबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मामाने त्यास उचलले व शेजाऱ्यांच्या गाडीतून आरोग्य केंद्र गाठले. तेथे डॉक्टरांनी तत्काळ मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा कोठे त्याचा श्वास मोकळा झाला. रात्रभर त्याला तेथेच ठेवून घेतले.

इकडे आमचीही घटका भरली होती. मध्यरात्री पोटे नगाऱ्यासारखी फुगली, कळा येऊ लागल्या आणि पहाटेपर्यंत परसाकडच्या वाऱ्या चालू राहिल्या. आजीने ओवा व गरम पाणी दिले. सकाळी नुसती पेज वाढली. "अति तेथे माती!" एवढेच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी बाळूला भेटावयास गेलो असता आम्ही डॉक्टरांस विचारले, "त्यालाही आमच्यासारखेच अजीर्ण झाले ना?" 'हो' असे उत्तर यावे, ही आमची मनोमन इच्छा होती.

"नाही, मुलांनो," डॉक्टर म्हणाले. "शंभर ग्रॅम काजूगरात सुमारे ४४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. असे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते. शिवाय काजूतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू त्या आंबवतात व वायू धरतो. तुम्ही मूठभर खाल्ले असते तर काही बिघडले नसते. बाळूची गोष्ट निराळी. त्याचे शरीर काजूतील प्रथिनांनाच शत्रू समजते व त्यांच्याशी लढू लागते. तेथे एक गरही पुष्कळ होतो. पिस्ता हा काजूचाच भाऊबंद. तपासणी होईपर्यंत तोही त्याला देऊ नका. आणि जिभेची ती खाज हीच पहिली सूचना होती."

आम्ही माना खाली घातल्या. आजीची म्हण आमच्यापुरती खरी होती. बाळूच्या बाबतीत अतीचा प्रश्नच नव्हता. त्याने सांगितलेले खरे मानले असते, तर पुढचे सारे टळले असते.

आम्हांस पाहून बाळूने सुजऱ्या ओठांनी विचारले, "मी खोटं बोलत नव्हतो ना?" त्याच्या त्या प्रश्नाने झालेली वेदना पोटातील कळांहून अधिक होती. आम्ही त्याची क्षमा मागितली.

आता बाळूला काही देण्यापूर्वी पुडक्यावरील मजकूर आम्ही वाचून पाहतो. लग्नकार्यात पंगतीला बसण्यापूर्वी पदार्थांत काजू आहेत काय, हे विचारतो. गेल्या चतुर्थीला आजीने नेवऱ्यांचे सारण काजूवाचून केले. त्या नेवऱ्या बाळूने आमच्या पंक्तीस बसून खाल्ल्या आणि आम्हां कोणासही त्यांची गोडी उणी वाटली नाही.