मतं खाल्ली म्हणे!

2023 च्या चिंचवड पोटनिवडणुकीचा निकाल आला त्या रात्री मी वाकडला मामाकडे जेवत होतो. अश्विनी जगताप 36 हजारांनी आल्या, नाना काटे दुसरे, आणि अपक्ष राहुल कलाटेंना 40 हजारांवर मतं. मामा भरल्या ताटावर पेटला, "कलाटेंनी मतं खाल्ली! नाहीतर काटे आलेच होते."

मला नाही पटलं. 2019 ला हेच कलाटे अपक्ष लढले, 1 लाख 12 हजार मतं घेतली. तेव्हा राष्ट्रवादीचा पाठिंबा होता, मान्य. पण तो गेल्यावरही 40 हजार उरलेच ना? ती काय काटेंची ठेव होती? कलाटे नसते तर त्यातले कितीतरी घरीच बसले असते. मामीसुद्धा. ती काही बोलली नाही, नुसती भाकरी वाढत राहिली.

महापालिकेत तर अजून अवघड. 2017 ला चार-चार जणांचे प्रभाग, 128 जागा. भाजप 77, राष्ट्रवादी 36, सेना 9, मनसे फक्त 1. एवढ्या मोठ्या प्रभागात लहान पक्षाचा एकटा माणूस पोचणार कसा? मग तो मोठ्यांच्या पॅनेलात एक जागा मागतो, आणि नाही दिली तर पाडायची भीती घालतो. त्याचं खरं वजन मतमोजणीआधीच वापरून होतं.

आमच्या माणला ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्हच नसतं. उद्या गाव महापालिकेत गेलं (चर्चा वर्षानुवर्षं चालूय), तर पाण्यासाठी भांडणारं आमच्या वस्तीतलं पोरगं कुणाच्या पॅनेलात बसणार? एकटं उभं राहिलं तर मी त्यालाच मत देणार. मामाला काय म्हणायचं ते म्हणू दे.