मामाचं मशीन आणि माझी बायलाइन

वीकेंडला आमचा अख्खा ग्रुप लोणावळ्याला पळतो. मी मात्र लोकलमधून अलीकडेच, तळेगावला उतरते. तिथून मिळेल त्या वाहनाने आंबी. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं आणि मधे माझं आजोळ. नेट जेमतेम, पण झोप एकदम मस्त!

गेल्या मे महिन्यात गेले, तर घरात कोल्ड वॉर. कारण? मामाचं चेन सॉ. गावात सगळे त्याला ‘कटर’ म्हणतात. रात्री गोठ्यात ठेवलं की सकाळी खाली काळंकुट्ट थारोळं. ते तेल पेंढ्याला लागलं आणि गाईने चक्क तोंड फिरवलं. मामीने फर्मान काढलं, ‘हे भंगारात द्या, नाहीतर मला माहेरी पाठवा.’

तुम्ही म्हणाल, द्यायचं की! पण ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट चढून मावळातही आलं. मामाच्या गोठ्यावर फणस पडला. कटरवाला सगळ्या गावाला हवा होता, तो दुसऱ्या दिवशी उगवला. तोवर वासरू गेलं होतं. त्यानंतर मामाने हे सेकंडहँड मशीन घेतलं. ‘पुन्हा कुणाची वाट बघणार नाही,’ एवढंच म्हणाला.

दुकानदाराने पंप बदलायला सांगितलं होतं. मास कॉमच्या डिग्रीने मला एकच गोष्ट शिकवलीय, प्रश्न विचारत सुटायचं. चार मेकॅनिकना फोन लावले. पहिला फंडा कळला तो असा, की या मशीनमधलं चेनचं तेल परत टाकीत येतच नाही. ते पट्टीवर जातं, चेनला वंगण देतं आणि भुशाबरोबर बाहेर पडतं. त्यामुळे काम झाल्यावर थोडं ठिबकणारच. थारोळं मात्र नॉर्मल नाही.

मग टेस्ट. मशीन गार झाल्यावर पट्टी आणि चेन काढली, तेलात भिजलेला भुसा ब्रशने खरवडला, सगळं पुसून कोरडं केलं आणि रात्रभर जुन्या पेपरवर ठेवलं. डाग पट्टीच्या जागेखाली पडला तर तेल बाहेर यायच्या भोकातून येतंय. झाकणाखाली पडला तर रबरी रिंग गेली. मधोमध पडला तर आतली नळी.

सकाळी डाग होता बरोब्बर झाकणाखाली. आणि पेपरात माझ्या लेखावर, थेट बायलाइनवर! मामा म्हणाला, ‘बघ, तुझं नाव कामाला आलं.’

रिंगला चीर होती. नवीन टाकली. पण खरा व्हिलन वेगळाच होता. मामा बार ऑइलऐवजी गॅरेजमधलं जळकं ऑइल भरायचा. फुकट म्हणून. ते पातळ, पट्टीला चिकटत नाही, त्यातले धातूचे कण पंपाची वाट लावतात आणि मातीत मुरतं ते वेगळंच. विहीर गोठ्यापासून वीस पावलांवर! मामा गप्प झाला. मग म्हणाला, ‘हे आधी कुणी सांगितलंच नाही गं.’ मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. पेपरात जगाला शहाणं करणारी मी, इतकी वर्षं त्या गोठ्यात येत-जात होते.

आता रुटीन ठरलंय. काम संपलं की मशीन गार होऊ द्यायचं, मग झाकण जरा सैल करून परत घट्ट लावायचं. कारण तापलेल्या टाकीत हवा फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. जास्त दिवस ठेवायचं तर टाकी रिकामी. मशीनखाली घमेलं. आणि मुक्काम गोठ्यात नाही, पडवीत.

मामीने माहेरची बॅग अजून भरलेली नाही. गाय इंद्रायणी भाताचा पेंढा मनापासून खातेय. आणि मामाने माझा तो तेलकट लेख गोठ्याच्या दारावर चिकटवलाय. एवढी मोठी डिस्प्ले मला कुठल्याच एडिटरने आजवर दिली नाही!